मुलाला कम्युनिटी कॉलेजला घालावं का? (१ मेच्या आत ठरवायचंय)

मिसळीतली_शेव | १२ एप्रिल, रात्री ११.४०

मंडळी, तीन वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढते आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही फ्रीमाँटला राहतो, कॅलिफोर्नियात. थोरला यंदा बारावीत. मार्क चांगले, एपी (शाळेतच कॉलेजच्या पातळीचे) क्लासेस सात, रोबोटिक्स वगैरे सगळं यथासांग. सगळीकडे कॉम्प्युटर सायन्सला अर्ज केले. यूसीचे, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे, कॅम्पस बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो, अर्व्हाइन, डेव्हिस : पाची ठिकाणी नकार. रिव्हरसाइडनं घेतलं, पण पर्यायी विषयाला, म्हणजे गणिताला. पूर्वेकडच्या एका खासगी कॉलेजनं स्कॉलरशिप देऊनही वर्षाचे ५५ हजार डॉलर मागितलेत.

आता चिरंजीव स्वतःच म्हणतात, मी क्युपर्टिनोच्या डी अँझा कम्युनिटी कॉलेजला जातो, दोन वर्षांनी यूसीला ट्रान्सफर घेतो. मित्रांपैकी दोघे तेच करताहेत. आकडेमोडही करून दाखवली त्यानं. दोन वर्षांचे ९० क्वार्टर युनिट, युनिटला ३१ डॉलर, म्हणजे २,७९० डॉलर. आमच्या गावातल्या ओलोनीला सेमिस्टर आहे, तिथे ६० युनिट गुणिले ४६ म्हणजे २,७६०. रिव्हरसाइडला नुसती फीच वर्षाला १५ हजारांच्या आसपास, राहणं-खाणं धरलं की चाळिशीच्या पुढे.

नवरा ऐकूनच घेत नाही. "सात एपी करून कम्युनिटी कॉलेज?" एवढं म्हणून उठून गेला. मला स्वतःला फार वाईट वाटत नाहीये, पण आपण स्वस्ताच्या मोहात पोराचं नुकसान तर करत नाही ना, ही धाकधूक आहे. ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी खरं खरं सांगा. गोड नको.

पेठेतला | १३ एप्रिल, सकाळी ९.०५

रुमाल टाकून ठेवतो. पुण्यात बसून प्रश्न : कम्युनिटी कॉलेज म्हणजे आपल्याकडचं नक्की काय? नाइट कॉलेज?

एडिसनकर_आप्पा | १३ एप्रिल, सकाळी ९.२०

आमच्याकडे पोरं त्याला तेरावी म्हणतात. बारावी झाली, तेरावी सुरू. तेच शहर, तेच मित्र, तीच आईच्या हातची पोळी. मला विचाराल तर अठराव्या वर्षी पोरानं घराबाहेर पडावं. पैसे काय, कसेही उभे राहतात.

मिसळीतली_शेव | १३ एप्रिल, सकाळी ९.३१

आप्पा, तेरावी म्हणालात ते ठीक. आमच्या घरात सध्या तेराव्यासारखं वातावरण आहे :)

काथ्याकूट | १३ एप्रिल, दुपारी १.१५

पेठेतला, तुम्हाला पटकन कळेल असं सांगतो. दहावीनंतर पॉलिटेक्निकला डिप्लोमा करून मुलं इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जातात ना, त्याच्या जवळ जाणारी गोष्ट. फरक असा की इथे प्रवेशाला गाळणीच नाही. हायस्कूल झालेला कुणीही जाऊ शकतो. गाळणी बाहेर पडताना लागते.

शेव, माझी मुलगी डी अँझावरून डेव्हिसला गेली, २०२२ मध्ये. तुमच्या बाजूनंच बोलणार आहे, पण आधी वाईट बातमी. ट्रान्सफर हे कॉम्प्युटर सायन्सचं मागचं दार आहे असं जे व्हॉट्सअॅपवर फिरतं ते विसरा. यूसीच्या बॅचलर शिकवणाऱ्या नऊपैकी सहा कॅम्पस 'टॅग' नावाची प्रवेशाची हमी देतात : डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो देत नाहीत. हमी एकाच कॅम्पसची घेता येते, आणि ती सगळ्या विषयांना नसते. सँटा बार्बराचं अख्खं इंजिनीअरिंग कॉलेज हमीच्या बाहेर आहे. बाकी ठिकाणीही मागणीचे विषय वगळतात, आणि ती यादी दर वर्षी बदलते. तेव्हा "डी अँझाला गेलं की डेव्हिस पक्कं" हे वाक्य विषयाचं नाव घातल्याशिवाय अर्धवट आहे.

पण दाराची रुंदी बघा. दोन फ्रेशमनमागे (थेट पहिल्या वर्षाला येणाऱ्यांमागे) एक ट्रान्सफर घ्यायचा असं यूसीचं धोरणच आहे, आणि त्यात पहिला मान कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजवाल्यांचा. लॉस एंजेलिसला जे ट्रान्सफर येतात त्यांच्यात दहातले नऊ तिथलेच असतात. डिग्रीवर डेव्हिस लिहिलेलं असतं, डी अँझा नाही.

मुलीचा विषय सांख्यिकी होता आणि पहिल्या दिवसापासून ठरलेला होता. हे महत्त्वाचं. 'असिस्ट' नावाची सरकारी वेबसाइट आहे, त्यात डी अँझाचा कुठला कोर्स डेव्हिसच्या कुठल्या कोर्सऐवजी चालतो त्याचे तक्ते असतात. बाईसाहेबांनी तो तक्ता छापून फ्रिजवर लावला होता. एकेक कोर्स झाला की हायलायटर. दुधाच्या हिशेबासारखं. तरीही एक कोर्स चुकला, कारण तो फक्त विंटर क्वार्टरला असतो हे कुणी सांगितलं नाही.

झोपमोड | १३ एप्रिल, रात्री ११.५८

काकू, मी २१. आईचा अकाउंट नाहीये हा, माझाच आहे. मराठी बोलून टाइप करतेय, चुका माफ.

मी दुसऱ्या एका कम्युनिटी कॉलेजमधून यूसीला आले, आता सीनिअर. फायदे सगळे काका सांगतायत ते खरे आहेत. माझ्यावर एक डॉलर कर्ज नाही. माझ्या रूममेटवर आहे.

पण लोनली होतं खूप. हे कुणी मोठं माणूस सांगत नाही म्हणून सांगते. क्लास संपला की सगळे पार्किंग लॉटकडे. कुणाला जॉब, कुणाला मूल घ्यायचंय डे-केअरमधून. माझ्या केमिस्ट्री लॅबची पार्टनर ४१ वर्षांची होती, खूप मस्त होती, पण तिच्याबरोबर शुक्रवारी रात्री काय करणार? दोन वर्षं इन्स्टावर बाकीच्यांचे डॉर्मचे फोटो बघायचे.

आणि यूसीला आल्यावर पहिल्या आठवड्यात करिअर फेअर. बाकीचे ज्युनिअर, म्हणजे तिसऱ्या वर्षाचे, दोन वर्षं तिथे आहेत, त्यांना प्रोफेसर ओळखतात, क्लबमध्ये आहेत. मला लायब्ररी कुठेय ते माहीत नव्हतं आणि समर इंटर्नशिपचे अर्ज चालू झाले होते. पहिल्या क्वार्टरला माझा जीपीए (ग्रेडची सरासरी, ४ पैकी) २.६ आला. कम्युनिटी कॉलेजमध्ये ३.९ होता! तो ३.९ ट्रान्सफरच्या अर्जापुरता कामाला आला, यूसीत जीपीए नव्यानं सुरू होतो. म्हणजे युनिट बरोबर येतात, मार्क नाही.

परत करेन का? हो. पण पहिल्याच सेमिस्टरला एखादा क्लब पकडेन. आणि दादाला सांगा की दिवसभर कॅम्पसवर बस. घरी येऊ नको. घरी आलं की संपलं.

एडिसनकर_आप्पा | १४ एप्रिल, सकाळी ८.१०

बघा, मी म्हणत होतो. झोपमोडताईंना अनुमोदन. पहिली दोन वर्षं हीच तर घडण्याची.

गणिताचा_मास्तर | १४ एप्रिल, सायंकाळी ६.२५

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात अठरा वर्षं कॅल्क्युलस शिकवतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट, ही कॉलेजं तुमच्या-आमच्या मुलांसाठी काढलेली नाहीत. देशातलं सगळ्यात जुनं सरकारी कम्युनिटी कॉलेज, इलिनॉयमधलं जोलिएट, १९०१ सालचं. कॅलिफोर्नियानं १९६० च्या मास्टर प्लॅनमध्ये कामं वाटून दिली : वरचे साडेबारा टक्के यूसीला, वरचे तेहतीस टक्के स्टेट युनिव्हर्सिटीला, आणि उरलेलं अख्खं राज्य आमच्याकडे. आज आम्ही ११६ कॉलेजं आहोत. माझ्या वर्गात चाळीस जण. त्यात तुमच्या मुलासारखा एपीवाला असतो, रात्रपाळी करून आलेला गोदामातला माणूस असतो, सैन्यातून परतलेली पोरगी असते, आणि हायस्कूलचाच अकरावीतला एखादा चुणचुणीत असतो, कारण हायस्कूलमधल्या मुलांना युनिटची फी बहुधा माफ असते.

म्हणून ते भयानक आकडे वाचताना जपून. देशभरात कम्युनिटी कॉलेजला आलेल्या शंभरातले फार तर तेहतीस चार वर्षांच्या कॉलेजला पोचतात आणि सहा वर्षांत पदवी घेणारे सोळाच्या आसपास. हा आकडा खरा आहे, आणि लाजिरवाणा आहे. पण बुडणारी मुलं बहुतेक अभ्यासानं बुडत नाहीत. गाडी बिघडते, शिफ्ट बदलते, बाप आजारी पडतो. तुमच्या मुलाच्या डोक्यावर छप्पर आहे, गाडीत पेट्रोल आहे. तो त्या सरासरीत बसत नाही. त्याच कारणानं त्याच्या यशाचं श्रेय कॉलेजला फार देऊ नका, तेही आहेच.

शिकवण्याबद्दल म्हणाल तर पहिल्या दोन वर्षांचं गणित आमच्याकडे चांगलं शिकवलं जातं, हे छातीवर हात ठेवून सांगतो. चारशेचा हॉल नाही, शिकवायला पीएचडीचा विद्यार्थी नाही, पेपर मी स्वतः तपासतो. आमचं मूल्यमापन शोधनिबंधांवर होत नाही, शिकवण्यावर होतं.

आता घरचं धुणं. आमच्यातले बरेच शिक्षक अर्धवेळ आहेत. एकाच दिवशी तीन कॉलेजांत तास घेत हायवेवर धावणारे, 'फ्रीवे फ्लायर' म्हणतात त्यांना. त्यांना केबिन नसते. मुलाला शिफारसपत्र हवं असतं तेव्हा ते दुसऱ्या गावात असतात. काउन्सेलर गाठायचा तर अपॉइंटमेंट आठवड्यांनी मिळते, आणि दोन काउन्सेलर दोन गोष्टी सांगतात. मी स्वतः बघितलंय, हुशार मुलगी, चुकीच्या सल्ल्यानं पदार्थविज्ञानाची मालिका एक सत्र उशिरा सुरू केली आणि अख्खं वर्ष गेलं. चार कोर्सची साखळी असते, पहिला चुकला की चौथा पुढच्या वर्षी. त्यातून वर्गात जागा नसते. नवीन मुलाचा नंबर नोंदणीत शेवटी लागतो, मग वेटलिस्ट.

शेव, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं : ज्याला काय शिकायचं ते माहीत आहे त्याच्यासाठी हा उत्तम रस्ता. "जाऊन बघू, ठरवू हळूहळू" म्हणणाऱ्यासाठी सगळ्यात महाग, कारण तो दोन वर्षांची चार करतो.

पेठेतला | १४ एप्रिल, सायंकाळी ७.००

मास्तर, मस्त प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

माझा मावसभाऊ मुलाला थेट इथून, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजला पाठवायचं म्हणतोय. एजंटनं सांगितलंय की हाच स्वस्तातला बर्कलीचा मार्ग. २,७९० डॉलर वाचून मलाही मोह झाला.

काथ्याकूट | १४ एप्रिल, रात्री ८.३०

तो दर इथल्या रहिवाशांचा हो! बाहेरच्याला युनिटमागे कैक पट पडतात, वर घरभाडं, वर विमा. बहुतेक ठिकाणी हॉस्टेल नाही. शिवाय व्हिसाच्या खिडकीवर "हेच कॉलेज का?" हा प्रश्न येणार, आणि "एजंटनं सांगितलं" हे उत्तर चालत नाही. अजून एक, दोन वर्षांच्या असोसिएट पदवीवर वर्षभर नोकरी करायची परवानगी, म्हणजे ओपीटी, मिळते, पण स्टेमवाली (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांची) वाढीव मुदत त्या पदवीवर नाही. पुढे बॅचलर झालं तर ती मिळू शकते. ट्रान्सफरचा हिशेब पक्का असेल तर करा, जाणारेही आहेत. एजंटला विचारा, कुठला विषय, कुठला कॅम्पस, किती जीपीए. गडबडला तर कळेलच.

अर्धा_देशी | १५ एप्रिल, पहाटे २.१५

शेवताई, एक खासगी प्रश्न जाहीरपणे विचारतो. मुलाचा व्हिसा काय? ग्रीन कार्ड असेल तर माझा प्रतिसाद सोडून द्या.

मी पंधराव्या वर्षी एच-४ वर, म्हणजे आई-बाबांवर अवलंबून असलेल्यांच्या व्हिसावर, आलो. बाबा एच-१ या नोकरीच्या व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत. एच-४ वाल्याला केंद्र सरकारची फी-मदत नाही, मुलांना कामाची परवानगी नाही, म्हणजे कॅम्पसवर पुस्तकं लावायचं कामसुद्धा नाही. पण कॅलिफोर्नियात राहिलेलं असेल तर रहिवासी दर मिळू शकतो, म्हणून कम्युनिटी कॉलेज. इथवर ठीक.

गडबड अशी झाली की मी आरामात घेतलं. कोर्स कमी, ट्रान्सफर तिसऱ्या वर्षी. आणि एकविसावा वाढदिवस आला. त्या दिवशी एच-४ संपतो. वाढदिवसाचा केक नाही कापला, वकिलाची फी भरली. एफ-१ वर बदल होईपर्यंत घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. बदल झाला आणि मला अनिवासी दर लागला. एका रात्रीत मी इतकी वर्षं राहिलेल्या राज्यात पाहुणा.

गंमत म्हणजे एफ-१ वरच मला पहिल्यांदा कमावता आलं, पगारी इंटर्नशिप झाली. आज बरं चाललंय. पण ज्यांची मुलं एच-४ वर आहेत त्यांनी ट्रान्सफरचा तक्ता फ्रिजवर लावताना शेजारी मुलाची जन्मतारीखही लावावी.

मिसळीतली_शेव | १५ एप्रिल, सकाळी ७.५०

अर्धा_देशी, वाचून पोटात कालवलं. आमचं ग्रीन कार्ड झालंय दोन वर्षांपूर्वी, त्यामुळे सुटलो. पण आमच्या मंडळातच अशी तीन घरं आहेत, त्यांना हा धागा पाठवते.

अबोली८८ | १५ एप्रिल, सकाळी ११.३०

इथे सगळे अठरा वर्षांच्या मुलांबद्दल बोलताहेत. मी छत्तिसाव्या वर्षी गेले कम्युनिटी कॉलेजला.

नाशिकची मायक्रोबायोलॉजीची बीएस्सी, लग्न करून इकडे, अकरा वर्षं घरात. ग्रीन कार्ड आल्यावर नर्सिंग करायचं ठरवलं. शरीररचना, शरीरक्रियाशास्त्र आणि पुन्हा मायक्रोबायोलॉजी (हो, पुन्हा!) असे आधीचे कोर्स संध्याकाळचे केले, दीड वर्ष. मग प्रवेशासाठी रांग. जागा थोड्या, अर्ज ढिगानं, पहिल्यांदा नाहीच लागला नंबर. दुसऱ्यांदा लागला. दोन वर्षांची असोसिएट पदवी, पण नोंदणीची परीक्षा तीच जी चार वर्षांवाल्यांना असते. आज तेच लायसन्स आहे माझ्याकडे. हॉस्पिटलं बीएसएनवाल्यांना (चार वर्षांची नर्सिंगची पदवीवाल्यांना) पसंती देतात हे खरं, म्हणून नोकरी करता करता तेही ऑनलाइन करतेय.

पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर एका मुलीनं मला बाई समजून "रूम नंबर हाच ना?" विचारलं. पण दुसऱ्या कुठल्या कॉलेजनं मला नाशिकच्या जुन्या मार्कशीटवर उभं केलं असतं?

एडिसनकर_आप्पा | १५ एप्रिल, दुपारी २.४०

अबोलीताई, मानलं. पण हा धागा अठरा वर्षांच्या मुलाबद्दल आहे. आपल्या मुलांना एवढं करून शेवटी जिथे कुणीही जातं तिथे...

अबोली८८ | १५ एप्रिल, दुपारी २.५२

आप्पा, "कुणीही" म्हणजे मी का?

काथ्याकूट | १५ एप्रिल, दुपारी ३.०५

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

संपादक मंडळ | १५ एप्रिल, दुपारी ४.००

वैयक्तिक शेरे टाळावेत. यापुढचे सहा प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. धाग्याचा काश्मीर करू नये.

एडिसनकर_आप्पा | १५ एप्रिल, रात्री १०.१५

अबोलीताई, चूक झाली, मनापासून. लिहिताना भान राहिलं नाही.

आता खरं सांगतो. धाकट्या मुलीला न्यू जर्सी स्टार्स नावाची स्कॉलरशिप मिळत होती. शाळेतल्या वरच्या पंधरा टक्क्यांतल्यांना काउंटी कॉलेजची (आमच्याकडे कम्युनिटी कॉलेजला हेच म्हणतात) फी माफ असते. शिवाय २००७ पासून इथे कायदा आहे, काउंटी कॉलेजची असोसिएट पदवी घेतली की सरकारी विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला धरतात. सगळं माहीत होतं. मी नाही म्हटलं, कारण गणपतीत लोक विचारणार, "मुलगी कुठे?" राज्याबाहेर पाठवली. चांगलं झालं तिचं. पण कर्ज अजून फेडतेय, आणि परवा फोनवर म्हणाली, "बाबा, तेव्हा तुम्ही मला विचारलंच नव्हतं."

माझं मत बदललं असं नाही. घराबाहेर पडावंच. पण शेवताईंचा मुलगा स्वतः म्हणतोय, ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती.

गणिताचा_मास्तर | १६ एप्रिल, सकाळी ७.१५

शेव, एक राहिलं. रिव्हरसाइडच्या गणिताला 'नाही' म्हणायच्या आधी तिथल्या विभागाला पत्र लिहून विचारा की आत आल्यावर विषय बदलता येतो का आणि कशावर. अनेक ठिकाणी कॉम्प्युटर सायन्सला आतूनही कुलूप असतं. उत्तर लेखी घ्या. आणि जायचं ठरलंच तर, २०२५ च्या फॉलपासून सामान्य शिक्षणाचा (सगळ्यांना सक्तीच्या कोर्सचा) आराखडा बदललाय, जुन्या आयजेट्सीच्या जागी कॅल-जेट्सी आलाय. मित्रांच्या दादा-ताईंच्या जुन्या याद्या वापरू नका.

मिसळीतली_शेव | २८ एप्रिल, रात्री १२.२०

सगळ्यांना धन्यवाद म्हणायला उशीर झाला, घरात युद्धपातळीवर चर्चा चालू होत्या.

रिव्हरसाइडचं उत्तर आलं. विषय बदलता येतो, पण खात्री नाही. खासगी कॉलेज नवऱ्यानंच कापलं, कर्जाचा हप्ता कागदावर मांडल्यावर.

आणि हे प्रिंट काढून नवऱ्याला वाचायला दिलं. पेठेतला आणि काथ्याकूट, तुमचं ते डिप्लोमाचं वाचून तो बराच वेळ गप्प होता. लग्नाला बावीस वर्षं झाली, मला माहीत होतं की तो डिप्लोमा करून दुसऱ्या वर्षाला आला, पण एवढंच. त्या रात्री बोलला. वर्गात बाकीचे पहिल्या वर्षापासून एकत्र, हे सात-आठ डिप्लोमावाले मागच्या बाकावर. लॅबच्या बॅचमध्ये कुणी घ्यायचं नाही. एक सर हजेरी घेताना "डिप्लोमा पार्टी" म्हणून हाक मारायचे. "त्याला ते नको म्हणून मी नाही म्हणतोय," म्हणाला. मग पोरगा म्हणाला, "पण बाबा, वर्कशॉप तुम्हाला त्यांच्याहून चांगलं यायचं ना?" यावर दोघं हसले. माझा जीव भांड्यात पडला.

ठरलं एकदाचं. डी अँझा. अट एकच, पहिल्या वर्षाअखेर तक्ता पूर्ण नसेल तर फेरविचार.

झोपमोड | २८ एप्रिल, रात्री १२.४१

येय!! दादाला क्लबचं सांगा, विसरू नका.

मिसळीतली_शेव | ६ ऑक्टोबर, सकाळी १०.३०

धागा वर काढतेय. दोन आठवडे झाले कॉलेज सुरू होऊन. बारा आठवड्यांचा क्वार्टर म्हणजे श्वास घ्यायला फुरसत नाही, पहिली मिडटर्म पुढच्या आठवड्यात. रोबोटिक्सवाला क्लब सापडलाय. संध्याकाळी सातशिवाय घरी येत नाही, ८८० हायवेवरची गर्दीही टळते. फ्रिजवर तक्ता आहे, हायलायटर नवऱ्यानं आणला, तीन रंगांचा. मंडळात मात्र अजून "क्युपर्टिनोला शिकतो" एवढंच सांगतो :)

आता मदत हवी आहे. पदार्थविज्ञानाच्या पहिल्या कोर्सला वेटलिस्टवर सातवा होता, क्लास मिळाला नाही. मास्तरांनी लिहिलेली ती साखळी आठवून झोप उडालीय. विंटरला तो कोर्स फूटहिल कॉलेजला घेतला तर डी अँझाच्या साखळीत पुढे चालतो का? एकाच डिस्ट्रिक्टची कॉलेजं आहेत, पण काउन्सेलरची वेळ थेट २३ तारखेची मिळाली आहे.

काथ्याकूट | ६ ऑक्टोबर, सकाळी ११.०२

मुलीनं गणित तसंच केलं होतं. तरी असिस्टवर दोन्ही कॉलेजांचे तक्ते शेजारी-शेजारी उघडून बघा, काही कॅम्पस अख्खी मालिका एकाच कॉलेजात मागतात. २३ पर्यंत थांबू नका, ड्रॉप-इन काउन्सेलिंग असतं, पोराला दार उघडायच्या आधी जाऊन उभा राहायला सांगा.